देवाकडे मागितलेला हिशेब

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत 'देव बघतोय' हे शब्द दिवसातून कितीदा तरी कानावर पडायचे. नळावर नंबर मोडून कुणी हंडा पुढे सरकवला, की देव बघतोय. भिशीचे पैसे घेऊन कुणी गावाला पळालं, की देव बघतोय. 1982 साली गिरण्यांचा संप लांबत गेला आणि वाण्याने उधारी बंद केली, तेव्हा तर गॅलरीत हे रोजचंच झालं. म्हणणाऱ्या बायकांची श्रद्धा पक्की होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण 'बघतोय तर मग करत का नाही काही?' हा प्रश्नही त्याच बायका, त्याच नळावर, त्याच दमात विचारायच्या.

पुढे कीर्तनं ऐकली, प्रवचनं ऐकली, थोडंफार वाचलं. बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य भेटलं, दुसरं गाळलेलं. देवाच्या दारी उशीर असेल पण अंधेर नाही, तेव्हा धीर धरा, इथवर सगळे आणून सोडतात. मला वाटतं, दुसरं वाक्य काढून टाकलं की पहिल्यातला जीवच जातो. ज्याच्याकडे न्याय आहे अशी आपली खात्री असते, त्याच्याच दारात माणूस जाब विचारायला जातो. ज्याच्याकडून काही होणारच नाही असं वाटतं, त्याच्याशी कोण कशाला भांडेल?

बाबा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. बरीच वर्षं बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी मिळेल त्या दिवशी काम करून काढली आणि मग कायम झाले होते. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते, म्हणून घरातही मोठ्याने बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे चिडलेत. चिडायचे मात्र क्वचित. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत एक आमचे बाबा. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे तो संपला, असं बाबांना कुणी येऊन सांगितलं नाही. एकेक घर आपापल्या परीने समजून घेत गेलं. कुणी साताऱ्याला परतलं, कुणी रत्नागिरीला, कुणी भाजीची पाटी घेतली. बाबांनी एका इमारतीच्या दारावर वॉचमनचं काम धरलं आणि आईने खोलीतच खाणावळ काढली. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. पितळेचे हंडे मोडीत गेले होते, त्यांच्या जागी प्लास्टिकच्या बादल्या आल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पोळ्यांची चळत फडक्यात गुंडाळलेली असायची. कुणाचा डबा कुठला ते कळावं म्हणून आईने झाकणांवर कुंकवाच्या बाटलीतल्या लाल गंधाने खुणा केल्या होत्या. दोन दिवसांत त्या धुऊन जायच्या, ती पुन्हा करायची.

समोरच्या खोलीतले काका 1983 मध्ये कामावर गेले. संप फोडून. पोलिसांच्या गाडीमागून गेटातून आत शिरणाऱ्यांना गिरणगावात काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला त्यांच्या घरी कुणी जाईना. ते का गेले हे आईला ठाऊक होतं, कारण त्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसली होती. मुलीच्या हृदयाला भोक होतं. ओठ निळे पडायचे. आईने हे बाबांना सांगितलं. बाबा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "त्याच्या जागी मी गेलो नसतो असं मी म्हणणार नाही. पण मी जाणार नाही." आणि ते गेले नाहीत.

आता पुढची गोष्ट. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं बांधायची ठरली, त्यात 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर नोकरीत असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र धरला गेला. लाल पास, तिकीट नंबर, ई.एस.आय.चं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, फंडाचा नंबर, जे असेल ते जोडायचं. बाबांनी सगळं एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलं होतं. 2012 च्या जून महिन्यात म्हाडाने 6,925 घरांची पहिली सोडत काढली. प्रत्येक घर 225 चौरस फुटांचं. त्याआधीच बाबा गेले होते, वारस म्हणून अर्जावर आईचं नाव होतं. सोडतीत काकांचा नंबर लागला. आमचा लागला नाही. त्यानंतरच्या सोडतींतही नाही.

संपाला शेवटपर्यंत उभा राहिलेला माणूस घराविना गेला आणि संप फोडलेल्याला घर मिळालं. सोडत काढणाऱ्या यंत्राला हा फरक माहीत नव्हता, माहीत असायचं कारणही नव्हतं. पण आमच्या दादाला तो माहीत होता. काकू पेढे घेऊन आल्या तेव्हा दादा उठून गॅलरीत गेला. आईने पेढा घेतला, आधी देव्हाऱ्यात ठेवला, मग तुकडे करून आम्हाला वाटला. दादाचा तुकडा वाटीतच राहिला. रात्री तो आईवर ओरडला. बाबांच्या इमानाचं काय झालं, तुझा पांडुरंग कुठे गेला होता, असं बरंच बोलला. आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यांच्या पोरीनं काय पाप केलं हुतं? ज्याचं त्याला मिळालं. आपलं मिळंल तवा मिळंल. पर मी इचारायचं न्हाई सोडणार."

मला या दोघांपैकी कुणालाच चूक ठरवायचं नाही. दादाचा राग खरा होता. अन्याय दिसूनही ज्याला राग येत नाही, त्याच्या श्रद्धेला मी फार मान देऊ शकत नाही. आणि आईचं बोलणंही हरलेल्या माणसाचं नव्हतं. तिने एका वाक्यात तीन गोष्टी केल्या. दुसऱ्याला मिळालं ते त्याचंच मानलं, आपला हक्क सोडला नाही, आणि दोन्ही गोष्टी देवासमोर ठेवून दिल्या.

तरी एक गोष्ट मला स्पष्ट म्हणायची आहे. सोडत म्हणजे देवाचा निवाडा नव्हे. घर मिळालेली माणसं 'देवाची कृपा' म्हणतात. म्हणू देत, कृतज्ञता कुठून तरी बाहेर पडायला हवीच. पण कामगारांचे आणि वारसांचे अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत, आणि पहिल्या सोडतीपासून 2020 पर्यंत सोडतीत निघालेली घरं पंधरा हजारांच्या थोडी वर. मग उरलेल्या कुटुंबांवर देवाची अवकृपा झाली का? ही टंचाई माणसांनी घेतलेल्या निर्णयांची आहे. जमिनीचा किती वाटा कुणाला द्यायचा, हे कागदावर माणसांनीच ठरवलं. तो अंधेर उचलून देवाच्या नावावर टाकला, की ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटतात. 'देवाची वेळ आली की मिळेल' हे वाक्य कामगार स्वतःशी म्हणतो तेव्हा ती श्रद्धा असते. हेच वाक्य त्याला टेबलापलीकडून ऐकवलं जातं, तेव्हा मला ते सहन होत नाही.

हे काही आजचं नाही. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना, भिंत कोसळून, 1338 साली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. आयुष्यभर जिथवर येऊ दिलं तिथवरच. त्यांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, विठ्ठलाला सरळ विचारलं आहे, की आमची जात हीन केलीस, उष्टं खाण्यात जन्म गेला, तुला याची लाज कशी वाटत नाही, आणि मला जन्म तरी कशाला दिलास? वारकऱ्यांच्या परंपरेने हा अभंग फेकून दिला नाही. देवाला इतकं कठोर विचारणारा माणूस परंपरेत संत म्हणून राहिला, ही मला आपल्या मराठी भक्तीची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. विठ्ठलाचं दार दलितांना मात्र उघडलं 1947 साली, साने गुरुजी मे महिन्यात उपोषणाला बसले त्यानंतर. मधली सहा शतकं देव कुठल्या वेळेची वाट पाहत होता, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, तो वाट पाहत नव्हता. दार त्याने लावलेलंच नव्हतं. उलट कर्ममेळ्याच्या तोंडून तो 'दार उघडा' म्हणून सांगत होता, आणि आत उभ्या असलेल्यांना ऐकू येत नव्हतं. हे माझं मानणं आहे, सिद्ध करून दाखवता येणार नाही.

वनवासात, द्वैतवनात, द्रौपदीने युधिष्ठिराला असंच पकडलं होतं. तू भावांना सोडशील, मला सोडशील, पण धर्म सोडणार नाहीस. मग तो धर्म तुला का राखत नाही? सज्जन हाल काढतात आणि दुर्योधनाचं बरं चाललंय, हे पाहून मी त्या विधात्यालाच दोष देते, असं ती म्हणाली. युधिष्ठिराचं उत्तर आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. तो म्हणतो, फळ मिळावं म्हणून मी धर्म करत नाही. द्यायचं म्हणून देतो, करायचं म्हणून करतो. धर्माचा व्यापार करणारा माणूस हीन. मला हे वाचताना बाबाच दिसतात. 'मी जाणार नाही' म्हणताना त्यांनी पुढे घर मिळेल का, असा विचार केला नव्हता. घर नाही मिळालं म्हणून त्यांचं न जाणं फुकट गेलं, असं मला म्हणूनच म्हणवत नाही. आणि द्रौपदी? ती गप्प बसली नाही. मी दुःखाने बोलले, असं तिने मान्य केलं आणि लगेच प्रयत्नाच्या बाजूने बोलू लागली. दैवावर भरवसा ठेवून निजून राहणारा पाण्यातल्या कच्च्या मडक्यासारखा विरून जातो, हे तिचं म्हणणं. युधिष्ठिराची श्रद्धा आणि द्रौपदीची घाई, दोन्ही एकाच घरात लागतात. आमच्या घरात आईजवळ दोन्ही होत्या.

देवाच्या न्यायाबद्दल बोलताना माणसं फार क्रूर होऊ शकतात, हे मी आमच्याच खोलीत पाहिलं. आईची मामेबहीण पाटणजवळच्या गावातून नातवाला घेऊन टाटा हॉस्पिटलला आली होती. रक्ताचा कर्करोग, मूल पाच-सहा वर्षांचं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहिली. परळ आमच्यापासून जवळ, सकाळी त्याला कडेवर घेऊन निघायची. मुलाचे केस गेले होते. तो आईच्या पोळपाटावर पिठाच्या गोळीची गाडी चालवायचा, भोंगा वाजवायचा, आणि मध्येच दमून जमिनीवर आडवा व्हायचा. एक ओळखीची बाई मावशीला भेटायला आली. वयाने मोठी, रोज पोथी वाचणारी. म्हणाली, "मागल्या जन्मीचं असतं बाई, भोगून संपवायला लागतं." मावशी काही बोलली नाही. आई पोळ्या लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं. "ह्या लेकराच्या मागल्या जन्माचं मला ठावं न्हाई, तुम्हाला बी न्हाई. ह्या जन्मात त्याला भूक लागलीय, तेवढं बघूया," म्हणाली, आणि त्या बाईच्या हातात दुधाचं पातेलं दिलं, गरम करायला.

कर्मसिद्धांत खरा की खोटा, या वादात मला इथे शिरायचं नाही. मोठमोठ्या माणसांनी त्यावर आयुष्य घालवलं आहे. पण देवाचा हिशेब वाचण्याचा अधिकार आपल्याला नाही, दुसऱ्याच्या दुःखावरून तर मुळीच नाही, एवढं मी ठामपणे सांगेन. तो न्यायी आहे असं मानणं म्हणजे निवाड्याचं काम त्याच्याकडे सोपवणं. एकदा सोपवल्यावर शेजाऱ्याच्या खोलीत जाऊन आपणच निकाल वाचून दाखवायचा नसतो. तो मुलगा पुढच्या उन्हाळ्यात गेला. त्यामागे काय न्याय होता, हे मला कुणी विचारू नये. मावशी देवाची पूजा करते, आणि नातवाच्या वाढदिवसाच्या तारखेला करत नाही. त्या दिवशी देवघराचं दार लावून ठेवते. मला तिची श्रद्धा कमी झाल्यासारखी वाटत नाही. ती अजून बोलते आहे त्याच्याशी, रागाने का होईना.

'शेवटी सगळं चांगलं होतं' असं म्हणणाऱ्यांना तुकोबांचं उदाहरण द्यायला फार आवडतं. दुष्काळात दिवाळं निघालं, म्हणून विठ्ठल भेटला, आणि बरंच झालं, असं तुकोबा स्वतः म्हणतात हे खरं. पण हे तुकोबांनी स्वतःबद्दल म्हटलं आहे. त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला, आणि पुढे इंद्रायणीतून वह्या वर आल्या तरी ती दोघं काही परत आली नाहीत. 'बरं झालं' हे तिच्या वतीने म्हणायला तुकोबांशिवाय दुसरं कुणी अधिकारी नाही, आणि ते म्हणताना त्यांनाही किती जड गेलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत.

आई कधीकधी म्हणते, संप झाला म्हणून मी खाणावळ काढली, नाहीतर आयुष्यभर नवऱ्याच्या पगाराची वाट बघत बसले असते. तिच्या डब्यांवर आम्ही दोघं शिकलो, गावच्या घरावर पत्रा पडला. देवाने एक दार लावलं आणि दुसरं उघडलं, असं ती म्हणू शकते. तिने ते मिळवलं आहे, पहाटे चारला उठून. मी तिला हे म्हणू शकत नाही. आणि गिरणगावात ज्या घरांत खाणावळ निघाली नाही, पोरं वाईट मार्गाला लागली, माणसं दारूत गेली, त्यांच्या दारात उभं राहून तर हे कुणीच म्हणू नये.

मग माझा स्वतःचा विश्वास कशावर आहे? देवाची वेळ असते, यावर आहे. तो न्यायी आहे, यावर आहे, आणि हे मी सवयीने लिहीत नाही. बाबा गेले म्हणून त्यांचा हिशेब बंद झाला, असं मला कुणी कितीही पटवलं तरी पटणार नाही. त्यांच्यावर झालेला अन्याय कुठेतरी जसाच्या तसा मांडलेला आहे, त्यातला एक दिवसही गहाळ झालेला नाही, आणि तो वाचणारा कुणीतरी आहे, यावर माझा भरवसा आहे. तो भरवसा नसता तर मला दोनच वाटा होत्या. एक, काकांच्या घराकडे बघून जळत राहणं. दुसरी, जगात सगळंच असं चालतं म्हणून हात झटकणं. यातली एकही वाट आईने आम्हाला धरू दिली नाही. देवाच्या वेळेवर सोपवल्यामुळे तिचे हात रिकामे झाले आणि ते लगेच कामाला लागले, कधी मोर्चात, कधी अर्जाच्या रांगेत, कधी काकूंच्या आजारपणात.

आषाढीला ती वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जाते. गुडघे गेलेत, तरी रांगेतच उभी राहते, कुणी पुढे सोडलं तरी नको म्हणते. समोर पोचल्यावर हात जोडून काय पुटपुटते ते मी एकदा कान देऊन ऐकलं. बाबांचं पूर्ण नाव, खातं आणि गिरणीतला तिकीट नंबर. दरवर्षी हेच सांगते. दादाने तिला विचारलं, त्याला माहीत नाही का? तर म्हणाली, "त्याला ठावं हाय. मला बी ठावं हाय, हे त्याला कळाय पायजे."

दादा आता रांगेत तिच्या मागे असतो. देवाचं नाव तो अजूनही फारसं काढत नाही, पण कागदपत्रांच्या पडताळणीचं सगळं त्याने अंगावर घेतलं आहे. काकांची मुलगी एका कंपनीत हिशेब बघते, तिला ऑनलाईनचं चांगलं कळतं, म्हणून बिस्किटाचा डबा घेऊन तो तिच्याकडे जातो. सध्या अडचण अशी आहे, की गिरणीच्या नोंदीत बाबांचं आडनाव एक आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं. गावाकडची माणसं तेव्हा कधी गावाचं नाव लावत, कधी कुळाचं. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र लागणार आहे. मसुदा तिने करून ठेवलाय, स्टँप पेपर दादा आणणार आहे, आणि सोमवारी आईला टॅक्सीने सहीला न्यायचं आहे.